अमूर्त चित्र फोनवर का दिसत नाही?

अमूर्त चित्राचा फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: 'यात आहे काय?' मग ही उच्चभ्रूंची कला, आपल्या कामाची नाही, असे म्हणून आपण पुढे सरकतो. आमच्या मते हा निकाल चित्र न पाहताच दिलेला असतो. या कलेत प्रकाश आणि साहित्य हाच आशय असतो आणि नेमका तोच फोटोत उतरत नाही.

वासुदेव गायतोंडे यांचे उदाहरण घ्या. जन्म १९२४ चा, नागपूरचा. शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये. झेन बौद्ध विचाराकडे त्यांचा ओढा होता. 'अमूर्त' हा शब्दही त्यांना मान्य नव्हता, ते आपल्या चित्रांना वस्तुनिरपेक्ष म्हणत. रोलर आणि पॅलेट नाइफने ते तैलरंगाचे थर चढवत, काही ठिकाणी रंग पुन्हा उचलून घेत. थर पातळ असला की प्रकाश त्यातून आत शिरतो आणि खालच्या थरावरून परततो. म्हणून रंग वरून लावल्यासारखा न वाटता आतून उजळल्यासारखा भासतो. जाड, अपारदर्शक रंग प्रकाशाला दारातूनच परत पाठवतो. दोन पावले बाजूला सरकलात तर पृष्ठभागाचा पोतही वेगळा दिसतो. फोनच्या काचेवर हे सगळे सपाट होते.

गतिशिल्पात याच्या जोडीला हालचाल येते. अमेरिकेचे अलेक्झांडर कॉल्डर शिक्षणाने यंत्र अभियंता. सुरुवातीला त्यांनी मोटरवर हलणारी शिल्पे केली. त्यांना मार्सेल द्युशाँ यांनी १९३१ मध्ये नाव दिले 'मोबाइल' (खिशातला मोबाइल फार नंतरचा). पुढे कॉल्डर यांनी बहुतेक काम वाऱ्यावर सोपवले. तारेच्या लांब टोकाला हलका पत्रा, आखूड टोकाला जड, नियम तराजूचाच. पत्रा पातळ हवा, नाहीतर झुळूक त्याला हलवणार नाही. तो फिरतो तशी भिंतीवरची सावली बदलत राहते. १९५५ मध्ये ते अहमदाबादला साराभाई कुटुंबाकडे राहिले आणि तिथेही त्यांनी शिल्पे घडवली.

अनित्यतेवर भाषणे आपण पुष्कळ ऐकतो. इथे ती डोळ्यांना दिसते. म्हणून कॉल्डर यांना बौद्ध ठरवण्याचे मात्र कारण नाही.

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या जहांगीर निकल्सन संग्रहात गायतोंडे यांची चित्रे आहेत. मांडणी बदलत असते, तेव्हा आधी चौकशी करा. पुढच्या शिबिराची सहल तिकडे न्या, एकाच चित्रासमोर दहा मिनिटे थांबा आणि तेवढा वेळ फोन खिशात ठेवा.