मुळशीचे सेनापती बापट, बॉम्बची पुस्तिका आणि आजचे ड्रोन : चूक झाली तर जबाबदार कोण?

पावसाळ्यात पुण्याहून ताम्हिणीकडे निघालं की वाटेत मुळशी धरणाचं पाणी लागतं. लोक गाडी थांबवतात, फोटो काढतात, मक्याचं कणीस खातात आणि पुढे जातात. हे धरण होऊ नये म्हणून शंभर वर्षांपूर्वी इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला होता. त्याचे एक नेते होते पांडुरंग महादेव बापट. याच लढ्यातून लोक त्यांना 'सेनापती' म्हणायला लागले.

मुळशीचा सत्याग्रह बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतो. पण मुळशीत येण्याआधी याच बापटांनी पॅरिसला जाऊन बॉम्ब बनवण्याची विद्या शिकून घेतली होती, हे फार कमी जणांना माहीत असतं.

आज माणसाच्या मदतीशिवाय लक्ष्य शोधणाऱ्या ड्रोनची चर्चा जगभर सुरू आहे. त्या चर्चेत जो प्रश्न सगळ्यात अवघड ठरतोय, तो त्या काळातही पडला होता.

पॅरिसमधून आलेली पुस्तिका

बापट मूळचे पारनेरचे, जन्म १८८०चा. इंजिनिअरिंग शिकायला ते शिष्यवृत्तीवर ब्रिटनला गेले. लंडनच्या इंडिया हाऊसमध्ये त्यांची क्रांतिकारकांशी ओळख झाली आणि तिथून त्यांना पॅरिसला धाडण्यात आलं. तिथल्या रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्ब बनवण्याची कृती मिळाली. मूळ रशियन पुस्तिकेचं भाषांतर झालं, प्रती निघाल्या. १९०८च्या सुमारास बापट ती विद्या घेऊन भारतात परतले. हेमचंद्र कानुनगो हे बंगालचे क्रांतिकारकही पॅरिसमध्येच हे शिकून कलकत्त्याला परतले होते.

३० एप्रिल १९०८. बिहारमधलं मुझफ्फरपूर. खुदिराम बोस आणि प्रफुल्ल चाकी या दोन तरुणांनी युरोपियन क्लबबाहेर एका घोडागाडीवर बॉम्ब टाकला. गाडीत न्यायाधीश किंग्जफर्ड असेल, असं त्यांना वाटलं होतं. पण गाडी दुसरीच निघाली. आत होत्या केनेडी नावाच्या बॅरिस्टरची पत्नी आणि मुलगी. दोघीही गेल्या.

अंधार होता, गाडी तशीच दिसत होती, अंदाज चुकला.

चाकींनी पकडले जाताना स्वतःवर गोळी झाडून घेतली. खुदिराम यांना ११ ऑगस्ट १९०८ रोजी फाशी झाली. वय होतं १८. कलकत्त्याच्या गटाची धरपकड सुरू झाली, त्यात बापटांचं नाव पुढे आलं आणि ते काही वर्षं भूमिगत राहिले.

टिळकांनी ओळखलेली गोष्ट

या घटनेवर 'केसरी'त लोकमान्य टिळकांनी लेख लिहिले. त्यातल्या १२ मे आणि ९ जूनच्या लेखांवरून त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला आणि सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेला गेले.

९ जूनच्या लेखाचं नाव होतं 'हे उपाय टिकाऊ नाहीत'. त्यातला एक मुद्दा आजही लागू पडतो. बंदुका आणि तोफांना मोठे कारखाने लागतात, त्यामुळे सरकार त्यांच्यावर नियंत्रण ठेवू शकतं. बॉम्बचं तसं नाही. तो वस्तूपेक्षा जास्त ज्ञान आहे, आणि ज्ञान कायद्याने जप्त करता येत नाही, असा त्या युक्तिवादाचा रोख होता.

आता बॉम्बच्या जागी ड्रोन ठेवून बघा. कॅमेरा, बॅटरी, जीपीएस, मोटर हे सगळं बाजारात मिळतं. फोटोतली वस्तू ओळखणारं सॉफ्टवेअर तर तुमच्या मोबाईलमध्येही आहे. रस्त्यावरची गाडी मोजणारं गणित आणि रणांगणावरचा रणगाडा ओळखणारं गणित, दोन्हींचा पाया एकच असतो. हिंजवडीचं आयटी पार्क मुळशी तालुक्यातच येतं. तिथे कोडिंग करणाऱ्या पोराला आपण लिहिलेला कोड उद्या कुठे वापरला जाईल हे दरवेळी माहीत असेलच असं नाही.

नागपूरचं 'नागास्त्र' काय करतं?

हे सगळं लांबचं वाटत असेल, तर नागपूरचं उदाहरण घ्या. तिथल्या सोलार इंडस्ट्रीजच्या इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्ह्ज या कंपनीने 'नागास्त्र-१' तयार केलं. भारतीय लष्कराने अशा ४८० नगांची ऑर्डर दिली आणि जून २०२४ मध्ये पहिले १२० लष्कराकडे पोचले.

या प्रकाराला 'लॉयटरिंग म्युनिशन' म्हणतात. सोप्या भाषेत, घारीसारखं घिरट्या घालणारं हत्यार. ते हवेत राहतं, लक्ष्य शोधतं आणि मग स्वतःच त्यावर जाऊन आदळतं. नागास्त्रचं वजन साधारण ९ किलो, त्यात १ किलोचा स्फोटक भाग. माणसाच्या नियंत्रणाखाली पल्ला १५ किलोमीटर, स्वयंचलित पद्धतीने ३० किलोमीटर.

पण त्यातली सगळ्यात महत्त्वाची सोय वेगळीच आहे. लक्ष्य सापडलं नाही किंवा मोहीम रद्द झाली, तर ते परत बोलावता येतं. पॅराशूट उघडून ते हळू खाली उतरतं आणि पुन्हा वापरता येतं. म्हणजे शेवटच्या टप्प्यावरही माणसाला 'थांब' म्हणता येतं.

मुझफ्फरपूरला हाताबाहेर गेलेला बॉम्ब परत घेता येत नव्हता. या अर्थाने तंत्रज्ञान पुढे गेलंय, हे मान्य करायला हवं. नेमका मारा झाला तर आजूबाजूची माणसं वाचतात. आपला जवान थेट गोळीच्या टप्प्यात जात नाही. म्हणून 'नवं हत्यार म्हणजे वाईटच' असं म्हणून हा विषय संपत नाही.

मग धोका कुठे आहे?

पहिला धोका म्हणजे, दिसतंय म्हणून कळतंय असं वाटणं.

२९ ऑगस्ट २०२१. अमेरिकन सैन्य काबूलमधून बाहेर पडत होतं. एका पांढऱ्या टोयोटा कोरोला गाडीवर ड्रोनमधून जवळपास आठ तास नजर ठेवली गेली. गाडीत ठेवलेले डबे स्फोटकांचे असावेत असं समजून क्षेपणास्त्र सोडलं गेलं. गाडी चालवणारा माणूस एका अमेरिकन मदत संस्थेसाठी काम करणारा निघाला आणि डबे होते पाण्याचे. १० नागरिक मेले. त्यात ७ मुलं होती.

१९०८ मध्ये अंधारात काही क्षण दिसलेली घोडागाडी चुकीची निघाली. २०२१ मध्ये आठ तास कॅमेऱ्यात दिसलेली कारही चुकीचीच निघाली.

दुसरा धोका आहे वेगाचा. ड्रोनला आदेश रेडिओ सिग्नलवरून जातात. शत्रू तो सिग्नल जॅम करतो. युक्रेनच्या युद्धात हे रोज घडतंय. त्यावर उपाय म्हणून सिग्नल तुटला तरी लक्ष्यापर्यंत स्वतः पोचणारे ड्रोन तयार होतायत. म्हणजे माणसाला बाजूला काढायचा निर्णय कुणी वाईट हेतूने घेतो असं नाही. स्पर्धेत तो आपोआप बाजूला पडतो आणि 'थांब' म्हणायची सोयही त्याच्यासोबत जाते.

तिसरा धोका सगळ्यात मोठा आहे. जबाबदारी कुणाची?

मशीनने चुकीचा माणूस मारला तर दोषी कोण? कोड लिहिणारा, ड्रोन बनवणारी कंपनी, बटण दाबणारा सैनिक, की आदेश देणारा अधिकारी? प्रत्येकाकडे दाखवायला दुसरा माणूस असतो. काबूलमध्ये तर मशीनने एकट्याने निर्णय घेतला नव्हता, माणसंच होती. अमेरिकेने चूक कबूलही केली. तरी डिसेंबर २०२१ मध्ये सांगितलं गेलं की कुणावरही कारवाई होणार नाही.

जग काय करतंय, भारत काय म्हणतोय?

संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस आणि आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये एकत्र आवाहन केलं, की स्वयंचलित शस्त्रांवर २०२६ पर्यंत करार व्हावा. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आमसभेत यावर ठराव आला. १५२ देश बाजूने, ४ विरोधात. विरोध करणाऱ्यांत भारतही होता. २०२४च्या ठरावावेळी भारत तटस्थ राहिला.

ही चर्चा जिनिव्हात पारंपरिक शस्त्रांच्या कराराखाली आधीपासून सुरू आहे आणि तीच योग्य जागा आहे, अशी भारताची भूमिका आहे. शेजारी देश ड्रोन उडवत असताना आपणच हात बांधून घ्यायचे का, हा प्रश्नही खोटा नाही. पण जिनिव्हातली चर्चा सगळ्यांच्या सहमतीने चालते, त्यामुळे ती गोगलगायीच्या वेगाने पुढे सरकते. तोवर हत्यारं थांबत नाहीत.

पुन्हा मुळशीत

मुळशीचा सत्याग्रह १९२१च्या रामनवमीला सुरू झाला. मुळा आणि निळा नद्यांच्या संगमावर टाटांचं धरण होणार होतं, पन्नासेक गावांची जमीन जाणार होती. पुढे लढा थकत गेला. डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी मोजक्या साथीदारांसह धरणाच्या कामासाठी धावणारी रेल्वे अडवली. रुळांवर दगड रचले. आणि मग ते पळाले नाहीत. स्वतःला अटक करून घेतली आणि सात वर्षांची शिक्षा भोगली.

त्यांचा मार्ग बरोबर होता की चूक, यावर तेव्हाही वाद होता आणि आजही घालता येईल. धरण तर झालंच. पण ज्याने रेल्वे अडवली तो माणूस कोण, हे कुणाला शोधावं लागलं नाही.

ड्रोनबद्दलच्या प्रत्येक बातमीला हाच प्रश्न लावून बघता येतो. त्याचा पल्ला किती, किंमत किती, वेग किती, हे बातमीत येतंच. चुकीच्या घरावर पडला तर पुढे येऊन 'हे मी केलं' म्हणणारा माणूस कोण, हे बातमीत सापडत नाही. त्याचं उत्तर हत्यार विकत घेण्याआधी ठरायला हवं.