‘हात सोड!’

काका खालून तिसऱ्यांदा ओरडले. मुंब्र्याच्या कातळावर जमिनीपासून जेमतेम दहा-बारा फुटांवर मी दोराला लटकले होते. वरून बिलेचा वेगळा दोर होता, म्हणजे पडायचा प्रश्नच नव्हता. तरी उजवी मूठ उघडेना.

कारण रॅपलिंगच्या पहिल्याच दिवशी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवतात. डिसेंडरखालचा दोर धरलेला हात म्हणजे तुमचा ब्रेक. तो सुटला की तुम्ही सुटलात. आणि आता शिकवणारा माणूसच सोड म्हणतोय!

मी इथवर पोचले ते गेल्या पावसाळ्यातल्या एका वीकेंडमुळे. धबधब्यावरचं रॅपलिंग, बस, नाश्ता, रील्ससकट पॅकेज. माझ्या रूममेटच्या तोंडावर पाण्याचा झोत आला, तिने चेहरा झाकायला हात उचलला आणि ती सर्रकन खाली गेली. खाली उभ्या असलेल्या मुलाने दोर खेचून ताणला म्हणून थांबली. तळहात सोलला, बाकी काही नाही. पण त्याच क्षणी तो मोबाइल बघत असता तर? परतीच्या बसमध्ये आम्ही दोघी गप्प होतो. यावर बॅकअप असतो हे आम्हाला माहीतच नव्हतं, आणि आयोजकांपैकी कुणी सांगितलंही नव्हतं.

तर तो बॅकअप म्हणजे दीड-दोन मीटर नायलॉनची कॉर्ड. बुटाच्या नाडीची थोरली बहीण म्हणा! टोकं डबल फिशरमन गाठीने जोडून लूप करायचा, डिसेंडरच्या खाली दोराभोवती त्याचे तीन-चार वेढे द्यायचे आणि दोन्ही टोकं कॅराबिनरने हार्नेसला अडकवायची. याला ऑटोब्लॉक म्हणतात. उतरताना हाताने वेढे हलकेच खाली सरकवत राहायचं. हात सुटला की वजन कॉर्डवर येतं, वेढे दोराला आवळून धरतात आणि तुम्ही जागच्या जागी थांबता. सगळा खेळ घर्षणाचा.

पण खेळाला नियम आहेत. कॉर्ड दोरापेक्षा बारीक हवी. १० मिमीच्या दोरावर ६ मिमीची चांगली पकडते. दोन्ही सारख्याच जाडीच्या असतील तर वेढे नुसते घसरतात. दोर ओला असेल तर एक वेढा वाढवायचा. लूप लांब झाला आणि वेढे डिसेंडरला टेकले तर ते आवळतच नाहीत. म्हणून निघण्याआधी वरच वजन टाकून बघायचं. (हे वाचून हॉस्टेलच्या गच्चीवर प्रयोग करू नका, प्लीज. जाणत्या माणसासमोरच शिका.)

या कुटुंबातली सगळ्यात प्रसिद्ध गाठ प्रुसिक. ऑस्ट्रियन गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी ती १९३१मध्ये प्रसिद्ध केली. ती वर-खाली दोन्हीकडून धरते. दोन लूप घेतले, एक कमरेला आणि एक पायाला, की आळीपाळीने सरकवत माणूस लोंबत्या दोरावरून वर चढू शकतो. दरीतून जखमीला वर ओढतानाही तीच. तीनास एक पद्धतीत एक प्रुसिक दोराला पकडून पुली लावायला जागा देतं आणि दुसरं ओढलेला दोर मागे जाऊ देत नाही. हिशेबाने ६० किलोच्या माणसासाठी २० किलोचा जोर लागतो, प्रत्यक्षात घर्षणामुळे जास्तच. शिवाय एक मीटर उचलायला तीन मीटर ओढावं लागतं. ओढणारे दमले की तेवढा वेळ सगळा भार त्या कॉर्डवर असतो.

आता माझ्या मुठीकडे येऊ. पहिल्या प्रयत्नात मी घाबरून दोराऐवजी वेढ्यांवरच मूठ आवळली होती. त्यामुळे वेढे माझ्याबरोबर घसरत राहिले, पकडलेच नाहीत, आणि मला बिलेच्या दोराने थांबवलं. काका म्हणाले, “बघ, घाबरलं की माणूस पकडतो. म्हणून मुद्दाम सोडायची सवय करायची.” हे काही मला कुठल्या व्हिडिओत बघून कळलं नसतं.

चौथ्या हाकेला सोडला. चार बोटं घसरले, कॉर्ड कुरकुरली आणि मी थांबले. दोन्ही हात हवेत. खाली कुणीतरी फोटो काढला, त्यात माझे डोळे घट्ट मिटलेले आहेत.

तो फोटो मी रूममेटला पाठवला. यंदाच्या धबधब्याच्या ग्रुपवर तिने नाव नोंदवायच्या आधी विचारलंय, “बॅकअप कोणता लावता?”

अजून ब्लू टिकच आहे.