जादूगाराची बिदागी : हिशेबाने की मेहेरबानीने?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. राहात्यात आमच्या वस्तीतील मंडळाने जयंतीच्या कार्यक्रमांतली एक संध्याकाळ खास मुलाबाळांसाठी ठेवली आणि जादूचा प्रयोग बोलाविला. हिशेबाची वही आमच्याकडे होती. प्रयोग उत्तम झाला. आयाबाया कडेवर पोरे घेऊन पुढे सरकल्या, म्हाताऱ्याकोताऱ्यांनीही टाळ्या वाजविल्या. परंतु खुर्च्या आवरल्या गेल्या आणि घासाघीस सुरू झाली. कोणी म्हणाले, काम तर दीडच तासाचे होते. कोणी म्हणाले, वर्गणी कमी जमली. अखेर ठरलेल्या रकमेतून आम्ही दोन हजार रुपये कापले. जादूगार वयस्कर माणूस. टेम्पोत पेट्या चढविता चढविता तो एवढेच म्हणाला, "भाऊसाहेब, डिझेलवाल्याला दीड तासाचा हिशेब सांगून चालत नाही हो."

ते वाक्य आमच्या मनातून गेले नाही. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, दिवसभर दुसऱ्यांचे आकडे जुळविणारे. पण एका कलावंताचा हिशेब करताना आम्ही कागदच घेतला नव्हता.

आपल्या भाषेत कलावंताच्या पैशाला नावे पुष्कळ आहेत. गवयाला देतात ती बिदागी, तमाशाला देतात ती सुपारी, नाटकातल्या नटाला मिळते ती नाईट आणि व्याख्यात्याला देतात ते मानधन. मानधन हा शब्द गोड आहे, पण आपण मान देतो आणि धन विसरतो. शाल-श्रीफळाने टेम्पोचे भाडे भागत नाही.

जादू हा पोरखेळ नव्हे. पुण्याचे रघुवीर भोपळे (१९२४–१९८४) यांनी 'जादूगार रघुवीर' या नावाने देश-परदेशांत प्रयोग केले. पुढे त्यांचे चिरंजीव विजय आणि नातू जितेंद्र यांनी तोच व्यवसाय चालविला. तीन पिढ्या एखाद्या विद्येला वाहून घेतात, तेव्हा तो धंदा असतो, आणि धंद्याला जमाखर्च असतो.

तो जमाखर्च कसा मांडावा? उदाहरणादाखल एक हिशेब पाहू. आकडे आम्ही समजण्यापुरते धरले आहेत, ज्याने त्याने आपल्या गावच्या दराने बदलावेत.

समजा, जादूगार आणि चार मदतनीस असा पाच जणांचा संच आहे. टेम्पोचे जाऊन-येऊन २०० किलोमीटर, किलोमीटरला २५ रुपयांप्रमाणे ५,००० रुपये. चार मदतनिसांची मजुरी प्रत्येकी १,००० प्रमाणे ४,०००. पाच जणांचे जेवण, चहापाणी १,५००. कागद, फुले, बॅटरी, कपड्यांची धुलाई असा प्रत्येक प्रयोगाला संपणारा माल १,५००. फोन आणि जाहिरात ५००. आता घसारा. पेट्या, पोशाख, पडदे मिळून तीन लाखांचे सामान आहे, ते पाच वर्षे टिकते आणि वर्षाला ६० प्रयोग होतात. म्हणजे ३०० प्रयोगांत तीन लाख. एका प्रयोगामागे १,००० रुपये. हा पदरचा खर्चच १३,५०० झाला. अजून जादूगाराच्या घरात एक पैसा गेलेला नाही.

त्याच्या घराला महिन्याला ३० हजार लागतात असे धरले, तर वर्षाचे ३ लाख ६० हजार होतात. ते ३६५ दिवसांवर वाटायचे नाहीत, ६० प्रयोगांवर वाटायचे. पावसाळ्यात मांडव पडत नाहीत, परीक्षांच्या दिवसांत शाळा बोलावीत नाहीत. पण घरची चूल वर्षभर पेटते. म्हणजे प्रयोगामागे ६,००० रुपये. बेरीज १९,५००. त्यावर आजारपण व म्हातारपण यांसाठी दहा टक्के धरले की मोघम २१,५०० रुपये होतात. "दीड तासाचे एवढे पैसे?" या प्रश्नाचे हे उत्तर आहे. त्या एका संध्याकाळीने बाकीचे पाच दिवस पोसायचे असतात.

म्हातारपणाचे दहा टक्के कोणाला जास्त वाटतील. त्यांनी विठाबाई नारायणगावकरांचे स्मरण करावे. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरविल्या गेलेल्या या तमाशासम्राज्ञीचे अखेरचे दिवस पैशाच्या ओढाताणीत गेले आणि २००२ साली त्या वारल्या. आज राज्य शासन त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते. आमचे म्हणणे एवढेच की, पुरस्काराची पाळी येण्यापूर्वी कलावंताच्या हाताला हक्काचा पैसा पडावा.

आता तिकीट लावून नाट्यगृहात किंवा मंगल कार्यालयात प्रयोग करायचा झाला तर? २१,५०० बिदागी, सभागृहाचे भाडे ६,०००, भित्तिपत्रके आणि रिक्षा फिरविणे २,५००, असे ३० हजार रुपये होतात. शंभराच्या तिकिटाने ३०० माणसे आली तरच खर्च निघतो. २०० आली तर दहा हजारांचा खड्डा. हा खड्डा कोणी भरायचा, हे आधी ठरलेले नसले की भांडण होते. तिकिटाचा दर आणि जाहिरात आयोजक ठरवितो, म्हणून तोट्याचा मोठा भार त्याचाच.

यावर एक मध्यममार्ग आहे. पदरखर्चाचे १३,५०० रुपये जादूगाराला हमखास आणि वर प्रत्येक तिकिटामागे चौथा हिस्सा, म्हणजे २५ रुपये. २०० माणसे आली तर त्याला १८,५०० मिळतात. तो तीन हजारांची झळ सोसतो, आयोजक सात हजारांची. ४०० आली तर त्याला २३,५०० मिळतात आणि आयोजकाला आठ हजार उरतात. नुकसानीत दोघे आणि नफ्यातही दोघे.

कागद मात्र हवाच. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या नारायणगावात यात्रांच्या हंगामापूर्वी फडमालक राहुट्या टाकतात, गावोगावचे पंच येतात, तारीख आणि रक्कम ठरते आणि सुपारी दिली जाते. आपणही एका पानावर तारीख, वेळ, रक्कम, विसार, जेवण-मुक्काम कोणाकडे, वीज व आवाजाची सोय कोणाची आणि पावसाने प्रयोग रद्द झाल्यास काय, एवढे लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. विसाराची पावती द्यावी. उरलेली रक्कम पडदा उघडण्यापूर्वी द्यावी.

हे सारे आम्ही आग्रहाने लिहितो, याला कारण आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी गावकीची कामे केली. त्यांना ना ठरलेला वेळ होता, ना ठरलेले वेतन. गावाच्या मर्जीवर बलुते मिळायचे, कधी तेही नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना १९४६ साली त्यांनी किमान वेतनाचे विधेयक आणले आणि १९४८ साली त्याचा कायदा झाला. काम झाल्यावर देणाऱ्याच्या मर्जीने मिळते ते दान. आधी ठरवून मिळतो तो हक्क. आज वर्गणीची पेटी आपल्या हातात आहे. त्या रात्री दोन हजार कापताना आम्ही गावकीच्याच जागी जाऊन बसलो होतो.

आणखी एक गोष्ट घरातल्या मायबहिणींना सांगावीशी वाटते. हवेतून अंगारा काढणारा बाबा आणि हवेतून रुमाल काढणारा जादूगार यांची हातचलाखी एकच. एक तिला दैवी शक्ती म्हणतो, दुसरा प्रामाणिकपणे खेळ म्हणतो. चमत्काराच्या नावाने लोकांना फसवून पैसा उकळणाऱ्यास २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड आहे. तो कायदा व्हावा म्हणून झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी पुण्यात खून झाला. तरीही बाबाच्या पुढ्यात न मोजता नोटा ठेवणारे आपल्यात आहेत, आणि खरे सांगून खेळ दाखविणाऱ्याशी मात्र आपण शंभर-शंभर रुपयांसाठी हुज्जत घालतो. प्रयोगाहून परतताना मुलांना जरूर सांगावे, की बाळांनो, ही विद्या आहे, सरावाने येते, आणि त्या सरावाचे पैसे द्यावे लागतात.

पुढच्या खेपेस आमच्या मंडळाने त्याच जादूगाराला बोलाविले. आधी कागद केला, मागचे दोन हजार त्यात वेगळे लिहिले आणि पाकीट पडदा उघडण्यापूर्वी हातात दिले. त्याने पैसे मोजले, वहीत सही केली आणि मग पेटी उघडली. आपापल्या मंडळाच्या खजिनदारांनी एवढे जरूर करून पाहावे.