‘स्क्वॉलिड’ म्हणजे काय? कायद्यातील एका इंग्रजी विशेषणाचा अर्थ आणि त्याचे परिणाम

एखाद्या वस्तीवर ‘झोपडपट्टी क्षेत्र’ अशी कायदेशीर मोहोर कधी उमटते? महाराष्ट्रात या प्रश्नाचे उत्तर १९७१ च्या झोपडपट्टी सुधारणा, निर्मूलन व पुनर्विकास कायद्याच्या चौथ्या कलमात आहे. मूलभूत सोयी अपुऱ्या असल्यामुळे किंवा मुळीच नसल्यामुळे, अथवा वस्ती ‘इनसॅनिटरी, स्क्वॉलिड, ओव्हरक्राउडेड’ असल्यामुळे लोकांचे आरोग्य, सुरक्षितता किंवा सोय धोक्यात येत असेल, तर सक्षम प्राधिकारी ती वस्ती झोपडपट्टी क्षेत्र म्हणून घोषित करू शकतो. या तीन विशेषणांपैकी पहिले आणि तिसरे बहुतेकांच्या परिचयाचे आहे. मधले ‘स्क्वॉलिड’ मात्र मराठी वाचकाला सहसा शब्दकोशाकडे वळवते, आणि कोशात ‘घाणेरडा’, ‘ओंगळ’, ‘गलिच्छ’ असे प्रतिशब्द मिळाले, तरी मूळ शब्दाची एक महत्त्वाची छटा त्यांतून निसटते.

‘स्क्वॉलिड’चा उच्चार पहिल्या अवयवावर जोर देऊन केला जातो, त्याचे नाम ‘स्क्वॉलर’ असे आहे. दोन्ही शब्द लॅटिन भाषेतून आले. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ खरखरीत होणे, मळाचे थर चढून राठ होणे असा होता. प्राचीन रोममध्ये शोकात असलेली किंवा खटल्यात अडकलेली व्यक्ती केस-दाढी वाढवून, मळकी वस्त्रे नेसून वावरत असे. त्या अवस्थेलाही ‘स्क्वॉलर’ म्हटले जाई. म्हणजे स्वतःकडे लक्ष न दिल्याने चढलेली अवकळा हा अर्थ या शब्दात आरंभापासून होता. सोळाव्या शतकाच्या अखेरीस विशेषण इंग्रजीत रूढ झाले, ते हाच अर्थ घेऊन. आजही दारिद्र्य किंवा दुर्लक्ष यांमुळे साचलेली घाण हाच त्याचा मुख्य अर्थ आहे.

घाणीसाठी इंग्रजीत शब्दांची वाण नाही. ‘डर्टी’ हा त्यांतील सर्वसाधारण शब्द आहे. चिखलात खेळून आलेले मूल ‘डर्टी’ असते. त्याच्या हातांना कोणी ‘स्क्वॉलिड’ म्हणणार नाही, कारण ते हात धुतले की स्वच्छ होतात. ‘फिल्दी’ अधिक तीव्र आहे आणि त्यात बोलणाऱ्याची किळस मिसळलेली असते. ‘इनसॅनिटरी’ हा आरोग्यशास्त्राच्या परिभाषेतील शब्द आहे. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या केंद्रीय कायद्यात ‘इनसॅनिटरी’ शौचालयाची स्वतंत्र व्याख्याच दिली आहे. ‘स्क्वॉलिड’ बहुधा जागेला आणि राहणीमानाला लागतो: स्क्वॉलिड खोली, स्क्वॉलिड चाळ, स्क्वॉलिड परिस्थिती. अशी घाण एका दिवसाची नसते. ती साचू दिली गेलेली असते.

या विशेषणाला दुसरा, नैतिक अर्थही आहे. हीन स्वार्थापोटी केलेला व्यवहार, क्षुद्र कारस्थान किंवा लाजिरवाणे प्रकरण यांसाठीही इंग्रजीत ‘स्क्वॉलिड’ वापरतात. त्याच्या जवळचा ‘सॉर्डिड’ हाही लॅटिनमधील मळावरूनच आला. पण आज तो बहुतांशी नैतिक अधःपतनासाठीच उरला आहे. मराठीतही ‘गलिच्छ राजकारण’ किंवा ‘घाणेरडे आरोप’ म्हणताना हीच वाट चालली जाते. मात्र या दुहेरी अर्थातच धोका आहे. जागेसाठी वापरलेले विशेषण नकळत तिथे राहणाऱ्यांच्या चारित्र्यावर जाऊन चिकटू शकते.

विशेषण नेमके कोणाला लागले, यावरून किती मोठा वाद उद्भवू शकतो, याचा प्रत्यय २२ ऑक्टोबर २०२० रोजी आला. अमेरिकेतील नॅशव्हिल येथे झालेल्या अध्यक्षीय उमेदवारांच्या वादचर्चेत डोनाल्ड ट्रम्प यांनी पॅरिस हवामान कराराविषयी बोलताना चीन, रशिया आणि भारत यांचा उल्लेख करून ‘फिल्दी’ हा शब्द उच्चारला आणि पुढच्याच वाक्यात तो हवेला लावला. ते हवेबद्दल बोलत होते की देशाबद्दल, यावर मतमतांतरे झाली. प्रतिस्पर्धी ज्यो बायडेन यांनी मित्रांविषयी असे बोलत नाहीत, अशा शब्दांत त्यावर टीका केली.

आंतरराष्ट्रीय बातम्यांत ‘स्क्वॉलिड’ सर्वाधिक आढळतो तो निर्वासितांच्या छावण्यांच्या वर्णनात. ग्रीसच्या लेस्बॉस बेटावरील मोरिया छावणी हे त्याचे ठळक उदाहरण. सुमारे तीन हजार जणांसाठी उभारलेल्या या छावणीत सप्टेंबर २०२० मध्ये लागलेल्या आगीच्या वेळी बारा हजारांहून अधिक लोक राहत होते. अशा ठिकाणी पाणी, शौचालये आणि कचरा उचलण्याची व्यवस्था कोलमडणे अटळ असते. येथे या विशेषणाचा रोख छावणीच्या व्यवस्थेवर असतो. तिथे अडकलेल्या माणसांवर नव्हे.

ब्रिटनच्या राजकीय इतिहासात तर याच कुळातील नामाने धोरण घडवले. विल्यम बेव्हरिज यांच्या १९४२ च्या प्रसिद्ध अहवालात राष्ट्राच्या पुनर्रचनेच्या वाटेवरील पाच राक्षसांची नावे आहेत: अभाव, रोग, अज्ञान, ‘स्क्वॉलर’ आणि बेकारी. उद्योग आणि लोकसंख्या यांची अस्ताव्यस्त विभागणी हे या ‘स्क्वॉलर’चे मुख्य कारण असल्याचे बेव्हरिज यांनी मांडले. रहिवाशांच्या सवयींना त्यांनी दोष दिला नाही. युद्धानंतर ब्रिटनमध्ये सार्वजनिक गृहनिर्माण आणि नव्या नगरांची उभारणी यांवर जो भर दिला गेला, त्यामागील विचार याच दिशेचा होता.

मराठीत मात्र अडचण येते. ‘स्लम’साठी सरकारी मराठीत ‘गलिच्छ वस्ती’ हा शब्दप्रयोग दीर्घकाळ रुळला. ‘गलिच्छ’चे नाते अरबी-फारसीतील ‘गलीज’शी सांगितले जाते. हा शब्द घाण दाखवतो, ती कशामुळे झाली हे सांगत नाही. ‘गलिच्छ वस्ती’ वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गलिच्छ माणसे उभी राहतात. वस्तीत न आलेली जलवाहिनी किंवा न बांधलेले गटार दिसत नाही. त्या तुलनेत ‘झोपडपट्टी’ हा शब्द निदान घरांच्या स्वरूपापुरताच बोलतो.

कायद्याच्या अंमलबजावणीत हा फरक आणखी महत्त्वाचा ठरतो. कलमातील तीन विशेषणांपैकी ‘ओव्हरक्राउडेड’ मोजता येते: खोल्या किती, माणसे किती. ‘इनसॅनिटरी’ तपासता येते: शौचालये, सांडपाणी, पिण्याचे पाणी. ‘स्क्वॉलिड’ला असे माप नाही. तिथे पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या नजरेला बराच वाव राहतो. म्हणूनच त्या शब्दाचा अर्थ ‘दिसायला घाण’ असा घ्यायचा की ‘सोयींअभावी हलाखीला पोहोचलेली’ असा घ्यायचा, हा प्रश्न केवळ शब्दकोशाचा राहत नाही.

या घोषणेचे परिणाम दुहेरी आहेत. घोषित क्षेत्रात सुधारणेची कामे होऊ शकतात, तसेच पाडकाम आणि पुनर्विकासाचा मार्गही खुला होतो. घोषणा मान्य नसलेल्यांना ती राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांत न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. दुसरीकडे, याच कायद्याच्या बाविसाव्या कलमानुसार सक्षम प्राधिकाऱ्याच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय घोषित क्षेत्रातील भोगवटादाराला बाहेर काढण्यासाठी दावा लावता येत नाही. म्हणजे जे विशेषण वस्तीला कमीपणा आणते, तेच तिथल्या कुटुंबाच्या डोक्यावरचे छप्पर काही काळ सांभाळते.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे साडेसहा कोटी लोक झोपडपट्ट्यांत राहत होते. त्यांपैकी सुमारे १ कोटी १८ लाख महाराष्ट्रातील होते आणि ही संख्या सर्व राज्यांत सर्वाधिक होती. एवढ्या माणसांच्या घरांना लागणारा शब्द मराठीत आणताना भाषांतरकार, वार्ताहर आणि अधिकारी या सर्वांनीच थोडे थांबणे आवश्यक आहे. ‘स्क्वॉलिड’साठी एकच नेमका मराठी शब्द सापडेलच असे नाही. संदर्भानुसार ‘दुर्लक्षामुळे बकाल झालेली वस्ती’ असे दोन-तीन शब्द अधिक खर्चावे लागतील. ‘बकाल’मध्ये अवकळा आहे, आणि ‘दुर्लक्षामुळे’ म्हटले की ते दुर्लक्ष कोणाचे, हा पुढचा प्रश्न वाचकाला आपोआप पडतो.