वाटेवरचे दगड वाचताना

मैत्रिणींनो, माहेरी जाताना किंवा लग्नकार्याला निघताना एसटीच्या खिडकीतून रस्त्याकडेचं एखादं स्मारक, एखादी कोनशिला आपल्याला कितीदा दिसते! पण नजर तिथे ठरत नाही. हातात पिशव्या, मांडीवर लेकरू आणि डोक्यात संध्याकाळचा स्वयंपाक. मीही त्यातलीच. हमरापूरला सून म्हणून आले त्याला बारा वर्षं झाली. घर, मुलं आणि अर्धवेळ शिकवणं यांत इतिहास राहिला तो फक्त पाठ्यपुस्तकात.

गेल्या वर्षी वर्गात मी विचारलं, "आपल्या भागातल्या एखाद्या स्वातंत्र्यसैनिकाचं नाव सांगा बघू." मुलांनी पुण्या-मुंबईची नावं सांगितली. मागच्या बाकावर कातकरीवाडीतली एक मुलगी बसते. तिनं हळूच विचारलं, "बाई, आमच्यातलं होतं का कुणी?"

मला उत्तर देता आलं नाही. फार ओशाळल्यासारखं झालं. घरी येऊन पुस्तकं काढली, जुन्या माणसांना विचारलं आणि पुढच्या सुट्टीत दहा-बारा मुलांना घेऊन शेजारच्या उरण तालुक्यातलं चिरनेर गाठलं.

चिरनेरची हकिकत आपल्या चुलीपासूनच सुरू होते, बरं का! इंग्रज सरकारच्या जंगल कायद्यांमुळे रानातलं लाकूड तोडणं आणि गुरं चारणं गुन्हा ठरू लागलं. जळण नाही तर भाकरी कशावर भाजायची? 25 सप्टेंबर 1930 रोजी आसपासच्या गावांतले आगरी, कोळी, कातकरी अक्कादेवीच्या माळावर सत्याग्रहासाठी जमले. पोलिसांनी गोळीबार केला. त्यात सत्याग्रही तर पडलेच, पण तिथे हजर असलेले मामलेदारही गोळी लागून गेले. हुतात्म्यांत एक होता नाग्या महादू कातकरी.

स्मारकापाशी मी काहीच सांगितलं नाही. नावं मुलांनाच वाचायला लावली. त्या मुलीनं बोट फिरवत अक्षरं लावली, "ना-ग्या... कात-करी." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, हे आमचं आडनाव." तेवढंच बोलली. परतताना मात्र खिडकीची जागा तिनं हक्कानं मागून घेतली! दरवर्षी 25 सप्टेंबरला या हुतात्म्यांना पोलीसच मानवंदना देतात, हे मुलांना सांगितलं तेव्हा ती सगळीच गप्प झाली.

दुसरी सहल आपल्याच पेण तालुक्यातल्या गागोद्याची. 11 सप्टेंबर 1895 रोजी विनोबा भावे इथे जन्मले. नाव विनोबांचं, पण मला आठवल्या त्या त्यांच्या आई, रुक्मिणीबाई. संस्कृत गीता समजत नाही, मराठीतली हवी, असं त्या माउलीनं मुलाला म्हटलं. 1918 साली त्या गेल्या. विनोबांनी 'गीताई' लिहिली ती 1930-31 मध्ये. आईची मागणी त्यांनी इतकी वर्षं मनात जपली. बायकांचा इतिहास असा दगडावरच्या नावाच्या मागे उभा असतो. तो विचारल्याशिवाय दिसत नाही.

तुम्हीही मुलांना असं जरूर न्या. एका दिवशी एकच ठिकाण करा. पाणी, दशम्या आणि प्रत्येकाला एक वही एवढं पुरे. नावं, साल मुलांनाच उतरवू द्या. जुना कोरीव लेख असेल तर अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू, पीठ किंवा तेल चोळू नका. त्यानं दगड खराब होतो. उन्हं तिरपी असताना, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी पाहिलंत तर अक्षरं आपोआप स्पष्ट दिसतात.

आणि आमचं हमरापूर? इथे आणि शेजारच्या जोहे, तांबडशेत या गावांत घरोघरी गणपतीचे कारखाने आहेत. मूर्ती दूरदूरच्या गावांना, परदेशातही जातात. घासकाम, रंगकाम यांत कितीतरी बायकांचे हात असतात. पण जी वस्तू पाण्यात विरघळावी म्हणूनच घडवायची, तिच्यावर करणारणीचं नाव कोण कोरणार?

म्हणून आता आमच्या मुलांनी एक वही घातली आहे. घरातल्या आजीला विचारायचं, तू हे काम कधी शिकलीस, कुणाकडून शिकलीस, पहिली मजुरी किती मिळाली? आमच्या सासूबाई आधी म्हणाल्या, "माझं काय लिहायचंय त्यात!" मग बोलू लागल्या त्या दिवेलागण झाली तरी थांबेनात. त्या दिवशी आमच्याकडे पिठलं-भातावर भागवलं. पण वहीची सहा पानं भरली!

तुमच्या घरची वही केव्हा सुरू करताय?