अखेरचे शंभर यार्ड

गोल्फचा खेळ प्रथमच पाहणाऱ्याच्या मनावर ठसा उमटतो तो दूरवर मारलेल्या चेंडूचा. खेळाडू काठी डोक्यामागे नेतो, वेगाने खाली आणतो आणि पांढरा चेंडू अडीचशे यार्डांपलीकडे जाऊन पडतो. नवशिकाही आपली बहुतेक मेहनत याच एका फटक्यावर खर्च करतो. परंतु या खेळाचा हिशेब निराळा आहे. अडीचशे यार्डांचा फटका जसा एक मोजला जातो, तसाच खळग्याच्या काठाशी थांबलेल्या चेंडूला दिलेला हलका धक्काही एकच मोजला जातो. खेळ सुधारू इच्छिणाऱ्याने हे सर्वांत आधी ध्यानी घ्यावयास हवे.

अठरा खळग्यांच्या मैदानाचे प्रमाणित फटके, म्हणजेच ‘पार’, बहुधा ७२ असतात. ते ठरविताना प्रत्येक ‘ग्रीन’वर, म्हणजे खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, दोन फटके गृहीत धरलेले असतात. याचा अर्थ ७२ पैकी ३६ फटके, बरोबर निम्मे, हिरवळीवरचे होत. तेथे बाहुबळाचे काही चालत नाही.

या निम्म्या खेळात वेगाचा अंदाज हीच मुख्य विद्या होय. खळग्याचा व्यास १०८ मिलिमीटर, तर चेंडूचा सुमारे ४३ मिलिमीटर असतो. मंद गतीचा चेंडू काठावरूनही आत घसरतो. जोरात आलेला मात्र काठाला चाटून निघून जातो. म्हणजे वेग वाढला की खळगा जणू लहान होतो. शिवाय उताराचा परिणाम चेंडू मंदावताना अधिक जाणवतो. आपल्या देशातील अनेक मैदानांवर हरळीच्या जाती लावलेल्या असतात. तिची पाती ज्या दिशेला झुकलेली असतील त्या दिशेने चेंडू अधिक धावतो, उलट दिशेने लवकर थबकतो. म्हणून फटक्यापूर्वी गवतही वाचावे लागते.

हिरवळीच्या अलीकडून चेंडू थोडासा उचलून घरंगळत सोडण्याच्या फटक्यास ‘चिप’ म्हणतात. येथे नवशिक्याची ठरलेली चूक म्हणजे चेंडू स्वतः वर उचलण्याचा प्रयत्न. काठीचे पाते मुळातच तिरके घडविलेले असते. चेंडू वर चढविण्याचे काम ते तिरकेपण करते. खेळाडू मनगटाने उचलू लागला की पाते आधी जमिनीत रुतते, नाहीतर चेंडूच्या माथ्यावर बसते. यावर उपाय साधा आहे: शरीराचा भार पुढच्या पायावर ठेवावा आणि काठी किंचित खाली उतरत असताना चेंडूला भिडवावी.

या कौशल्याचे मोल भारतीय गोल्फच्या इतिहासातही दिसते. १८२९ साली स्थापन झालेला रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब हा ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना. तेथील हिरवळीची निगा राखणाऱ्या कर्मचाऱ्याचा मुलगा शिव शंकर प्रसाद चौरसिया खेळ शिकला तो पाहून आणि करून. शरीरयष्टी लहान, फटक्याची लांबीही बेताची. परंतु हिरवळीजवळचा हात असा की सहकारी त्याला कौतुकाने ‘चिपपटसिया’ म्हणू लागले. दिल्ली गोल्फ क्लबच्या अरुंद, दोन्ही बाजूंनी झुडुपांनी वेढलेल्या मैदानावर २००८ साली त्याने इंडियन मास्टर्स जिंकली. पुढे २०१६ आणि २०१७ साली इंडियन ओपनही. त्याच दिल्लीच्या मैदानावर १९९१ साली अली शेर या एकेकाळच्या कॅडीने, म्हणजे इतरांच्या काठ्या वाहणाऱ्याने, इंडियन ओपन जिंकली होती. ती जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू.

महागडी काठी विकत घेता येते. अंदाज मात्र सरावानेच कमवावा लागतो. सरावाचा निम्मा वेळ अखेरच्या शंभर यार्डांना द्यावा. एकच काठी घेऊन दहा, वीस आणि तीस पावलांवरून चेंडू सोडावेत आणि प्रत्येक चेंडू खळग्यापासून किती अंतरावर थांबला ते टिपून ठेवावे. लांब फटक्याची शक्ती वयाबरोबर ओसरते. हाताला लागलेला हा अंदाज पुष्कळ काळ टिकतो.