नुसती ‘तिसरी स्टेज’ म्हणून भागत नाही

८३.४ आणि ७२.२. पहिला आकडा तिसऱ्या स्टेजचा आहे, दुसरा दुसऱ्या स्टेजचा. छापताना अदलाबदल झालेली नाही.

अमेरिकेच्या कर्करोग नोंदणीतल्या १९९१ ते २००० या वर्षांतल्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या १,१९,३६३ रुग्णांचा हिशेब २००४ साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांत या रोगाने दगावले नाहीत असे शंभरात किती? पहिल्या स्टेजमध्ये ९३.२. दुसरीत ‘ए’ला ८४.७ आणि ‘बी’ला ७२.२. तिसरीत ‘ए’ला ८३.४, ‘बी’ला ६४.१, ‘सी’ला ४४.३. चौथीत ८.१, नवी औषधं आणि यकृतावरच्या शस्त्रक्रिया यांमुळे चौथीचा आकडा पुढे वाढला.

सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या डाइंग-प्रिंटिंग मिलांत राबणाऱ्या खानदेशी घरांत कुणाचा रिपोर्ट आला की जळगाव-धुळ्याकडून पहिला फोन येतो, ‘कितवी स्टेज शे?’ ‘तिसरी’ म्हटलं की पलीकडे रडणं सुरू. पण ३-ए आणि ३-सी यांच्यात जवळजवळ ३९ टक्क्यांचं अंतर आहे. ते त्या एका शब्दात मावत नाही.

स्टेज ठरते तीन अक्षरांवर. ‘टी’ म्हणजे रोग आतड्याच्या भिंतीत किती खोल गेला, ‘एन’ म्हणजे शेजारच्या किती लसिकाग्रंथींत पोचला, ‘एम’ म्हणजे यकृत, फुप्फुसं अशा दूरच्या अवयवांत गेला का. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातल्या कथबर्ट ड्यूक्स यांनी १९३२ साली गुदाशयाच्या कर्करोगासाठी ए, बी, सी अशी साधी विभागणी केली होती, तीही खोली आणि ग्रंथी यांवरच.

आता सुरुवातीचं कोडं. त्या वेळच्या २-बीमध्ये ग्रंथी स्वच्छ असत, पण रोग भिंत पार फोडून बाहेर आलेला असे. ३-एमध्ये एक ते तीन ग्रंथी बाधित, पण रोग भिंतीच्या स्नायूपलीकडे गेलेला नसे. शिवाय तिसरीला केमो देण्याची रीत पडली होती, दुसरीत अनेकांना ती मिळत नसे. खोलीचं वजन आपण समजतो त्याहून जास्त आहे, हे त्यातून दिसलं.

रिपोर्टमध्ये मी सगळ्यात आधी एक अपूर्णांक शोधते: तपासलेल्या ग्रंथींपैकी बाधित किती. ०/१६ आणि ०/५ दोन्ही कागदांवर ‘एन-शून्य’च लिहिलेलं असतं. पण पाचच ग्रंथी पाहिल्या असतील तर सहावीत काय होतं ते कुणी पाहिलेलंच नाही. म्हणून निदान १२ ग्रंथी तपासाव्यात असा दंडक आहे. कमी तपासल्या तर तिसरीचा रुग्ण दुसरीत बसतो आणि त्याची केमो राहून जाऊ शकते. गुदाशयाच्या रुग्णाला ऑपरेशनआधी किरणोपचार झाले असतील तर ग्रंथी मुळातच कमी सापडतात. तिथे ‘टी’च्या आधी ‘वायपी’ ही अक्षरं असतात. किती ग्रंथी तपासल्या हे सर्जनला विचारायला कचरू नका. तो तुमचा कागद आहे.

आणि ८३.४ हा एका माणसाचा आकडा नव्हे. तो हजारोंच्या गटाचा आहे, तोही अमेरिकेतल्या.

आपल्याकडचं चित्र मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसतं. ८०० रुग्ण, सरासरी वय ४७. म्हणजे घरातला कमावता माणूस. निम्म्याहून अधिक जणांना शौचावाटे रक्त जात होतं, आणि इस्पितळात येईपर्यंत सरासरी चार महिने लोटले होते. पांडेसऱ्यात ते चार महिने कसे जातात ते मला ठाऊक आहे. रक्त दिसलं की मूळव्याध, मूळव्याध म्हटलं की मेडिकलवरचा मलम, आणि कोलोनोस्कोपीसाठी खाडा केला तर त्या दिवसाची मजुरी बुडते. तेवढ्यात ‘टी’चा आकडा दोनावरून तीनावर जाऊ शकतो.